जानेफळचे दिनकर गुरुजी, त्यांच्या आई सुईण गिरजाबाई आणि धाकटा भाऊ मधुकर

दिनकर,

हे शीर्षक पाहून तू हसला असतास. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, "लायब्ररी, आता कुठं तुले अक्कल आली." गावाचं नाव पहिलं, मग माणसांची नावं, कोण कोणाचं काय लागतं ते स्पष्ट. सूचकता नाही, नाद नाही. तीन वर्षं तू मला हेच सांगत होतास आणि तीन वर्षं मी तुझ्या लेखांवरची अशी शीर्षकं खोडत होतो. आज तू नसताना पहिल्यांदा तुझ्या पद्धतीनं लिहितो आहे, तुझ्याच ब्लॉगवर. हा लेख चांगला व्हावा अशी माझी इच्छा नाही. तो एका माणसाला सापडावा, एवढीच आहे. त्या माणसाचं नाव शीर्षकात शेवटी आहे.

तू गेल्याला सतरा दिवस झाले. गुरुवारी साडेअकरा वाजले की वाचनालयात, माझ्या ग्रंथपालाच्या टेबलापाशी, मी अजून दाराकडे पाहतो. तू जानेफळहून मेहकरला यायचास, पिशवीतून छापून आणलेले कागद काढून टेबलावर ठेवायचास, माझी पेन्सिल माझ्याच हातात द्यायचास आणि म्हणायचास, "घे, कर कत्तल." मी वाचायचो. तू समोर बसून वर्तमानपत्र चाळायचास आणि मी पेन्सिल टेकवली की न पाहता विचारायचास, काय मेलं आता?

शाळेतून निवृत्त होऊन तू ब्लॉग सुरू केलास तेव्हा मला वाटलं, भूगोलाच्या मास्तराचा वेळ जात नसेल. गावाचा ओढा, शाळेमागची बोर, आठवडी बाजार, कोणत्या शेताला काय म्हणतात, असले विषय. भाषा साधी होती आणि खरी होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. चुका मात्र सगळ्या सांगितल्या.

पहिले काही महिने कोणीच वाचत नव्हतं. आकडा हलायचा तो तू आणि मी उघडून पाहायचो म्हणून. मग शोधयंत्राला लेख कसा सापडतो ते तू शिकायला लागलास. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचास आणि शाळेच्या दुरेघी वहीत मुद्दे उतरवायचास. शोधपट्टीत दोन शब्द टाकून थांबायचास, आणि खाली आपोआप जी वाक्यं उघडतात ती लिहून घ्यायचास. लोक काय विचारतात ते त्यातून कळतं, म्हणायचास. बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला विचारायचास की आपल्या गावाचं काही पाहायचं झालं तर तू मोबाइलमध्ये काय लिहिशील? फोटो चढवण्याआधी प्रत्येकाला नाव द्यायचास, कारण यंत्राला झाड दिसत नाही, झाडाचं नाव दिसतं. आणि गावाचं नाव सगळीकडे: शीर्षकात, पहिल्या ओळीत, मधल्या छोट्या मथळ्यांत. एका परिच्छेदात मी सात वेळा 'जानेफळ' मोजलं आणि म्हणालो, पुनरुक्ती हा गद्याचा दोष आहे.

"हाक मारतांनी एकदाच मारतात का बे?" तू म्हणालास.

मला वाटलं, तू गद्याबद्दल बोलतो आहेस.

दुसऱ्यांच्या ब्लॉगवर आपल्या लेखाची लिंक असली की सर्चमध्ये आपण वर येतो, हे कळल्यावर तू पत्रं लिहायला बसलास. वरवट बकालच्या एक बाई रानभाज्यांवर लिहितात. तू त्यांचा दुवा दिलास, त्यांनी तुझा. मी म्हणालो, ही तर सोयरीक झाली. तू म्हणालास, मग? नवख्या माणसाला गावात कोणाचा कोण हे सांगितल्याशिवाय कोणी पाण्याचं तरी विचारतं का? यंत्रही तसंच पाहतं, तुला कोण ओळखतं ते. मी हसलो. आता ते वाक्य आठवतं तेव्हा वाटतं, जे आम्ही सूचीशास्त्राच्या वर्गात वर्षभर शिकलो ते तू एका ओळीत सांगितलंस.

सूचीवरूनच तू मला एकदा गप्प केलं होतंस. शीर्षकात सगळं सांगून टाकलं तर वाचायचं काय उरलं, असं मी म्हणत होतो. तू उठलास, कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी कपाटाचा खण ओढलास आणि माझ्याच अक्षरातलं एक सूचीकार्ड माझ्यापुढे धरलंस. लेखक, पुस्तकाचं नाव, विषय, कपाट क्रमांक.

"हे सुंदर आहे का?" तू विचारलंस.

"कार्ड सुंदर कशाला पाहिजे?"

"मंग काऊन लिहिते तू?"

"पुस्तक सापडावं म्हणून."

"हाव," तू म्हणालास आणि खण लावून टाकलास. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, हे मी मदतनिसांना तीस वर्षं सांगत आलो आहे. ते तुझ्या लेखांना लागू होतं हे मला कळत होतं. पण मी हार मानली नाही. मला वाटायचं, वाङ्मय वेगळं.

तुझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख कोणता, हे सांगायला मला तेव्हा लाज वाटायची. बसचं वेळापत्रक. 'मेहकर ते जानेफळ एस.टी. बस: पहिली, दुपारची, शेवटची.' तू दर महिन्याच्या सुरुवातीला मेहकरच्या स्टँडवर जायचास, खिडकीशी उभा राहून वेळा उतरवायचास आणि घरी जाऊन लेख दुरुस्त करायचास. तिथला माणूस तुला विचारायचा, गुरुजी, निवृत्तीनंतर महामंडळात लागले का? मी त्याहून वाईट बोललो. मी म्हणालो, वेळापत्रकानं आलेले वाचक हे वाचक नव्हेत, ते प्रवासी. तू म्हणालास, प्रवासीच पाहिजेत.

त्या वेळापत्रकाच्या तळाशी एक वाक्य होतं: 'शेवटची बस जानेफळला दहा मिनिटं थांबते, मग परत मेहकरला फिरते.' मी ते तीनदा खोडलं. फाट्यावर, स्टँडवर कोणती बस किती थांबते हे बाकी कुठल्याही बसपुढे लिहिलेलं नव्हतं. याच एका बसपुढे का, हा माझा प्रश्न रास्त होता. प्रत्येक वेळी तू ते वाक्य परत घातलंस. एरवी तू माझी पेन्सिल मानायचास. त्या एका ओळीसाठी मात्र एकदा कागदच माझ्या हातून काढून घेतलास.

आणि मग तुझ्या आईवरचा लेख. तो मला आता विसरता येणं शक्य नाही.

तू लिहून आणलेलं शीर्षक होतं: 'जानेफळच्या सुईण गिरजाबाई: गावातली कोणकोणती माणसं त्यांच्या हातावर जन्मली?' मी डोळे मिटून घेतले होते. लेख मात्र तुझ्या सगळ्या लेखांत चांगला होता. माय कंदिलाच्या उजेडात बाळंतिणीच्या घरी जायची तेव्हा तुम्ही दोघं भाऊ एकाच गोधडीत तिची वाट पाहत जागे राहायचात. ती आली की आधी हात धुवायची, मग धाकट्याच्या कपाळावर ठेवायची, मग तुझ्या. ते हात थंड असायचे. मी तुला म्हणालो, एवढ्या लेखावर ही पाटी लावू नकोस. मी शीर्षक दिलं: 'मावळतीची ओंजळ'. तिचं नाव दोनच ठिकाणी ठेवलं, बाकी ठिकाणी 'ती'. गावाचं नाव काढून 'आमचं गाव' केलं. आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण खोडला, कारण तो मला तुटक वाटला. चार ओळी होत्या: 'मधुकर शेवटच्या बसने आला. मी थांबलो नव्हतो. थांबायला पाहिजे होतं. बस दहा मिनिटं उभी होती.'

ललित लेखाचा शेवट मिटता असावा, असं मी समासात लिहिलं. तू कागद बराच वेळ पाहत राहिलास. मग घडी घालून खिशात ठेवलास आणि म्हणालास, "तू म्हणते तसं."

दिवाळीनंतर एका गुरुवारी तू विचारलं होतंस, आईच्या लेखाचं शीर्षक परत पहिलं करू का? तिथं कोणीच येत नाही, म्हणालास. येतात ते ओंजळीवरची कविता शोधत येतात आणि लगेच निघून जातात. मी म्हणालो, बदल, पण मग खाली 'संपादन' म्हणून माझं नाव आहे ते काढून टाक. थट्टेत म्हणालो, पण सगळंच थट्टेत नव्हतं. तू नुसता मान हलवून हसलास. शीर्षक बदललं नाहीस. माझ्यासाठी बदललं नाहीस, हे मी आज जाणतो, आणि या जाणण्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

तू सकाळी गेलास. तुझी लेक सुनीता नाशिकहून निघाली होती, तिला पोचायला रात्र होणार होती. चार वाजता गावातली जाणती माणसं अंगणात आली आणि दिवस मावळायच्या आत उरकून घेऊ म्हणाली. पोरीला काय, अस्थी दिसतील. शालिनीवहिनी आत बसल्या होत्या. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "थांबायचं. उद्यापर्यंत ठेवा लागलं तरी ठेवू. या घरच्या चितेले आता कोणाले टाकून आग लागणार नाई." इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. माणसं चपला काढून परत बसली. सकाळी सुनीतानं तुला अग्नी दिला.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवून मागे सरकलो न सरकलो तोच कावळा आला आणि शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. गुरुजींचं काही मागे राहिलं नाही, म्हणाले. घरी आल्यावर वहिनींनी मला विचारलं, शिवला का? मी म्हणालो, लगेच.

"मंग कावळ्याले काई समजत नाई," त्या म्हणाल्या.

आणि तिथं, ओसरीवर, त्यांनी मला सांगितलं. जे तू तीन वर्षांत दर गुरुवारी माझ्यासमोर बसून सांगितलं नाहीस.

आपल्याकडे बापाला थोरला आणि आईला धाकटा अग्नी देतो. गिरजाबाई गेल्या तेव्हा मधुकर सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप गेला आणि तो असेल तसा निघाला. शेवटच्या बसने पोचतो, असा त्याचा उलटा निरोपही आला. गाव थांबायला तयार होतं. मला वाटलं होतं, लोकांनी घाई केली असेल. वहिनी म्हणाल्या, नाही. "यायनंच केली. मले म्हणे, चार वर्सं हागणं-मुतणं म्या काढलं, आन् आग द्याले तो येईल काय पाहुण्यावानी?" तू लोकांना सांगितलंस की बसचा काही भरवसा नाही. पाच वाजता तू अग्नी दिलास. सव्वासहाला बस आली.

मधुकर फाटकात आला तेव्हा तू आंघोळ करून ओल्या केसांनी अंगणात बसला होतास. त्याला विचारावं लागलं नाही. तरी त्यानं एकदा विचारलं: "एका बससाठी नाई थांबला, दादा?"

तू मान वर केली नाहीस. तो उंबरठाही न शिवता वळला. बस अजून स्टँडवर उभी होती. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत होते. तो त्याच बसमध्ये जाऊन बसला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, बसच्या खिडकीशी त्यांनी तो वर धरला. त्यानं घेतला नाही. त्या तुझ्याकडे वळून पाहत होत्या, की आता उठशील, मग उठशील. अंगणातून बस दिसत होती. तू उठला नाहीस. दहा मिनिटांनी बस निघून गेली. त्याला अठरा वर्षं झाली. त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर तू टाकलेली पत्रं परत आली. दोनदा तू सुरतेला जाऊन आलास. मला सांगितलं होतंस, शैक्षणिक सहल.

वहिनींनी तुझी दुरेघी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर पासवर्ड आहे, पुढं सर्चच्या युक्त्या, तुझ्या सुबक मास्तरी अक्षरात. मधल्या एका पानावर वर लिहिलं आहे: 'मधू काय टाइप करील?' आणि खाली, वेगवेगळ्या शाईत, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली यादी. जानेफळ फोटो. जानेफळ शाळेमागची बोर. जानेफळ ओढा पूर. जानेफळ गिरजाबाई सुईण. गिरजाबाई वारल्या जानेफळ. मेहकर जानेफळ शेवटची बस.

प्रत्येक ओळीपुढे तू एकेका लेखाचं नाव लिहिलं होतंस आणि बरोबरची खूण केली होतीस. तुझे विषय म्हणजे ही यादी होती. मी त्यांना निवृत्त माणसाची हौस समजलो. गिरजाबाईंच्या दोन ओळींपुढे खूण करून तू ती पुन्हा खोडली होतीस. त्याच पानात तो घडी घातलेला कागद होता, माझ्या पेन्सिलीच्या रेघांसकट. ललित लेखाचा शेवट मिटता असावा.

दिनकर, मला तुझा राग येतो. हे लिहू नये, पण येतो. एकदा, फक्त एकदा तू म्हणाला असतास की लायब्ररी, हे वाङ्मय नाही, ही माझ्या भावाला हाक आहे, तर मी पेन्सिल खाली ठेवली असती. मी स्वतः सात काय, सत्तर वेळा जानेफळ लिहिलं असतं. तू का सांगितलं नाहीस? पाच वाजताचं सांगावं लागलं असतं म्हणून? मला ते ऐकून तुझ्याबद्दल काय वाटेल याची भीती होती? मग ऐक: वाईट वाटलं. आणि त्यानंतरही गुरुवारी साडेअकराला मी दाराकडेच पाहिलं.

मग हेही आठवतं की मी कोणत्या तोंडानं विचारतो आहे. मीही तुला पुष्कळ सांगितलं नाही. तू एकदा मला न विचारता 'मेहकरमध्ये वाचनालय कुठे आहे? वेळ काय?' असा चार ओळींचा लेख टाकलास. मी नाक मुरडलं. त्यानंतर काही महिन्यांत स्पर्धा परीक्षेच्या मुली येऊ लागल्या. कसं कळलं विचारलं की मोबाइल दाखवायच्या. दुपारची जी टेबलं कित्येक वर्षं रिकामी असायची तिथं आता खुर्ची मिळत नाही. या मुली तुझ्यामुळे आल्या, हे मी तुला सांगायचं ठरवलं होतं. पुढच्या गुरुवारी, मग त्याच्या पुढच्या.

काल मी कामाला बसलो. आधी आईच्या लेखाचं शीर्षक तुझं होतं तसं केलं. जिथं 'ती' होती तिथं गिरजाबाई घातलं, 'आमचं गाव' होतं तिथं जानेफळ. शेवटच्या चार ओळी कागदावरून पाहून तशाच्या तशा टाइप केल्या, एक काना बदलला नाही. 'संपादन' म्हणून खाली माझं नाव होतं, ते काढलं. यंत्राला बदल कळायला दिवस लागतात, आठवडेही लागतात, असं तू वहीत लिहून ठेवलं आहेस. आणि मधुकर कुठे आहे, आहे की नाही, तो कधी काही शोधतो की नाही, यातलं काहीच वहीत नाही. कदाचित त्यानं एकदा आईचं नाव टाकलंही असेल, आणि त्या वेळी ते 'मावळतीची ओंजळ'खाली पडलेलं असेल. हे कधी कळणार नाही. मला त्याच्यासकट राहायचं आहे.

मग मेहकरच्या स्टँडवर गेलो. महिना लागला होता आणि वेळापत्रक तपासायचं होतं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, गुरुजी नाही आले? मी सांगितलं. वेळांचा कागद माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, सहाची शेवटची आता पावणेसहाला सुटते, लिहून घ्या.

मी त्याच बसमध्ये बसलो. जानेफळला उतरलो, घड्याळ पाहिलं आणि तुझ्या फाटकापर्यंत चालत गेलो. एकशे अकरा पावलं. वहिनी फाटकातच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्यामागून आणखी कोण उतरतं ते पाहत होत्या. मी परत वळून बसपाशी आलो. जाऊन-येऊन तीन मिनिटं लागली. बस अजून उभी होती. ड्रायव्हरचा चहा अर्धाच झाला होता.

आज वेळापत्रक दुरुस्त केलं. शेवटची बस मेहकरहून पावणेसहाला. जानेफळला ती दहा मिनिटं थांबते, मग परत फिरते. हे वाक्य मी काढलेलं नाही.